स्वाध्यायाचे सांगाती

व्याख्यानमालेत शिक्षणावर बोलावयाचे म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा, बेकारी किंवा शिक्षणाचे माध्यम यांपैकी एखादा विषय घ्यावयाचा, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. आम्ही आज याहून पुष्कळच लहान दिसणारा एक प्रश्न निवडला आहे. महाविद्यालयात गेलेला मुलगा किंवा मुलगी, मागे लागणारे कोणी उरलेले नसताना, आपला अभ्यास आपणच कसा करू लागते? आणि तो तसा होऊ लागावा किंवा लागू नये, हे ठरविण्यात घराचा, मित्रांचा, शिक्षकांचा आणि गावाचा वाटा किती?

प्रश्न लहान वाटतो, याचे कारण त्याचे उत्तर आपण सर्वांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. ज्याच्या अंगी जिद्द आहे तो शिकतो आणि ज्याच्या अंगी नाही तो मागे पडतो, हे ते उत्तर. एटापल्लीकडचा किंवा जिवतीकडचा एखादा मुलगा चंद्रपुरात अथवा गडचिरोलीत खोली घेऊन राहतो आणि पहिल्याच सत्रात चार विषयांत नापास होतो. मग खोलीच्या मालकापासून वर्गातील प्राध्यापकापर्यंत सर्वांचे निदान एकच असते : "पोराला अभ्यासाची गोडीच नाही." या निदानाने आपल्या सर्वांची सुटका होते, पण त्या मुलाची होत नाही. घराण्यातून महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पुष्कळदा पहिलाच असतो. तो परत गेला, की त्याच्या पाठच्या भावंडांची वाटही बहुधा तेथेच थांबते. म्हणून हे निदान बरोबर आहे की नाही, हे पाहणे जरूर आहे. आमच्या मते ते बरोबर नाही, आणि ते का नाही हे सांगणे हाच आजचा विषय.

स्वयंशासन म्हणजे काय?

विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाची सूत्रे आपल्या हाती घ्यावीत, याला शिक्षणमानसशास्त्रात स्वयंशासित अध्ययन म्हणतात. आपल्याकडील जुना शब्द स्वाध्याय. अमेरिकेतील बॅरी झिमरमन या मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या काळात या विषयाची जी मांडणी केली, तिच्यात या अध्ययनाचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिला टप्पा पूर्वविचाराचा. काय शिकावयाचे, किती दिवसांत आणि कोणत्या रीतीने, हे आधी ठरवावयाचे. दुसरा प्रत्यक्ष कामाचा. मन ठिकाणावर ठेवावयाचे आणि आपण कोठवर आलो याची नोंद ठेवावयाची. तिसरा आत्मपरीक्षणाचा. काय साधले, काय बिघडले आणि का बिघडले, हे पाहून पुढच्या खेपेची आखणी बदलावयाची. तिसरा टप्पा पुन्हा पहिल्याला जाऊन मिळतो आणि चक्र फिरत राहते.

हे ऐकून कोणास वाटेल, की हे तर मोठ्या शिकलेल्या माणसांचे काम. वस्तुतः आपल्या धानपट्टीतला कोणताही शेतकरी हे चक्र दर वर्षी फिरवीत असतो. आभाळाचा रंग पाहून तो पऱ्हे टाकतो. कोणत्या बांधीत रोवणा आधी आणि कोणत्या बांधीत मागून, हे तो ठरवितो. पाणी साचते की वाहून जाते, यावर रोज नजर ठेवतो. मळणी झाल्यावर कोणते बियाणे फसले याचा हिशेब मनाशी करून पुढच्या सालची तजवीज करतो. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे अंधारातच टोपली घेऊन रानात जाणारी, गुरांनी खाण्याआधी फुले वेचून आणणारी मुलगी कोणाच्या घंटेने उठत नाही. तेव्हा जंगलपट्टीतील मुलांच्या अंगी स्वयंशासन नाही, हे म्हणणे मुळातच टिकत नाही. ते त्यांच्या अंगी भरपूर आहे. प्रश्न इतकाच, की धानाच्या बांधीत जे दिसते ते पुस्तकाच्या पानावर का दिसत नाही?

उत्तर अवघड नाही. बांधीत ती मुले एकटी शिकलेली नसतात. आईच्या मागे चिखलात उतरावयाचे, तिचा हात कसा चालतो ते पाहावयाचे, आपली ओळ वाकडी गेली की शेजारच्या बाईने हसत हसत सरळ करून द्यावयाची, असे करता करता तो रोवणा त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. लेव्ह विगोत्स्की हा १९३४ साली अकाली वारलेला रशियन मानसशास्त्रज्ञ हेच सांगत असे. माणूस जे पुढे मनातल्या मनात एकटा करू शकतो, ते तो आधी दुसऱ्याच्या सोबतीने करीत असतो. पुस्तकाच्या कामाला मात्र त्या घरात अशी सोबत मिळालेली नसते. टाचण कसे काढावे, न समजलेला परिच्छेद तीनदा कसा वाचावा, परीक्षेच्या आधी महिना कसा वाटून घ्यावा, हे करणारे माणूस त्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेलेच नसते. जे पाहिले नाही ते येत नाही, यात गोडीचा प्रश्न कोठे आला?

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. झिमरमन आणि त्यांचे सहकारी मार्टिनेझ-पॉन्स यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत चाळीस हुशार आणि चाळीस मागे पडलेल्या शाळकरी विद्यार्थ्यांना ते अभ्यास कसा करतात, असे विचारले. उत्तरांची वर्गवारी केल्यावर चौदा प्रकारच्या रीती निघाल्या. वेळेची आखणी, नोंदी ठेवणे, बसण्याची जागा नीट करणे या त्यांत होत्याच. पण मित्राला विचारणे, शिक्षकाला विचारणे, वडीलधाऱ्यांना विचारणे याही रीती त्यांत होत्या, आणि त्या हुशार मुलांकडे अधिक आढळल्या. ज्याला आपण स्वावलंबी विद्यार्थी म्हणतो, तोच इतरांना अधिक विचारतो असे यातून निघाले. स्वावलंबन आणि संगत यांचे वैर आहे, ही आपली समजूत यावरून तपासून पाहावी लागते.

एकाकी जिद्दीची कथा

या ठिकाणी एक आक्षेप येण्याचा संभव आहे. कोणी म्हणेल, थोर माणसे एकटीच शिकली. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून पुढे आलेल्या पुरुषांची उदाहरणे आपण मुलांना देतच असतो. आम्ही या संदर्भात सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्याव्यासंगाहून मोठे स्वयंशासन या महाराष्ट्राने क्वचितच पाहिले असेल. परंतु त्या व्यासंगाच्या आरंभी कोण कोण उभे होते, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे.

परळच्या चाळीतील एकाच खोलीत सारे कुटुंब राहत होते. अभ्यासाला शांतता मिळणे अशक्य. तेव्हा वडील सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपावयास लावीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण आडवे होत. पुढे याच विद्यार्थ्याला चर्नी रोडच्या बागेत एकटे वाचीत बसलेले पाहून कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकाने त्याची चौकशी केली आणि त्याला वाचावयास पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्कार झाला, तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळवून देण्यातही केळूसकरांचा हात होता. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचल्यावर नवल भथेना हा पारशी सहाध्यायी भेटला, तो जन्माचा मित्र झाला. जॉन ड्यूईंसारखे गुरू तेथेच लाभले.

यात बाबासाहेबांच्या कर्तृत्वाला तिळमात्र उणेपणा येत नाही. रात्री दोन वाजता उठविलेला प्रत्येक मुलगा आंबेडकर होत नाही, हे खरेच. पण उठविणारा बाप, पुस्तक देणारा शिक्षक आणि बरोबरीचा मित्र यांच्यावाचून तो व्यासंग कसा उभा राहिला असता, याचाही विचार करावयास हवा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चंद्रपुरात आले आणि येथील हजारो लोकांनी त्यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर वस्त्यावस्त्यांतून शिक्षणाची जी ओढ निर्माण झाली, विहारातून मुले अभ्यासाला बसू लागली, ती याच गोष्टीची साक्ष आहे. सारी वस्तीच जेव्हा शिकण्याकडे तोंड करते, तेव्हा एकट्या मुलाच्या जिद्दीला पाठबळ मिळते.

विद्येचा एक पाद गुरूपासून, एक आपल्या बुद्धीने, एक सहाध्यायांपासून आणि एक काळ जाईल तसतसा मिळतो, अशा आशयाचे एक संस्कृत सुभाषित आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. आपण गुरूचा पाद महाविद्यालयावर सोपविला आणि बुद्धीचा पाद विद्यार्थ्यावर. सहाध्यायांच्या पादाची जबाबदारी मात्र कोणीच घेतलेली नाही.

घंटा थांबल्यानंतर

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. उच्च शिक्षणासाठी हा सारा मुलूख पुष्कळ वर्षे नागपूर विद्यापीठाकडे पाहत होता. २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याकडे आली. ही मोठीच सोय झाली. तरी सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा रस्ता आजही बंद होतो. अंतर कमी होण्यास विद्यापीठाची स्थापना हे निम्मेच काम असते.

या विद्यापीठात येणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण आश्रमशाळांत झालेले असते. आश्रमशाळेची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ साली तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या देखरेखीखाली निवासी शाळा उघडली. त्या शाळेतून माडिया मुले शिकून डॉक्टर आणि शिक्षक झाली, हा इतिहास डोळ्यांपुढे आहे. ज्या मुलुखात शाळाच नव्हती तेथे निवासी शाळेवाचून दुसरा मार्ग नव्हता.

पण निवासी शाळेचा दिवस घंटेवर चालतो. उठण्याची घंटा, प्रार्थनेची घंटा, जेवणाची घंटा, अभ्यासाची घंटा, दिवे मालविण्याची घंटा. दहा-बारा वर्षे या घंटेने वेळ वाटून दिलेला असतो. मग मुलगा महाविद्यालयात येतो आणि एके दिवशी घंटा एकदम थांबते. सकाळी तीन तास होतात, पुढचा सारा दिवस त्याचा स्वतःचा. जेवण स्वतः रांधावयाचे, पैसे स्वतः पुरवावयाचे, कोणत्या पुस्तकातून किती वाचावयाचे तेही स्वतः ठरवावयाचे. घंटेच्या राज्यातून मुलगा स्वयंशासनात येतो, पण मधला पूल कोणी बांधलेला नसतो. वसतिगृहात जागा मिळाली तर थोडी तरी सोबत मिळते. जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या खात्यात निवास व भोजनाचा खर्च जमा करणारी शासनाची स्वयम् योजना आहे, आणि ती उपयुक्तच आहे. पण पैशाने खोली मिळते. त्या खोलीत अभ्यासाला बसलेले दुसरे माणूस मिळत नाही.

दुसरी अडचण पंचांगाची आहे. विद्यापीठाचे पंचांग वेगळे आणि रानाचे वेगळे. दिवाळीच्या आसपास धान कापणीला येते, तेव्हाच हिवाळी परीक्षा जवळ आलेल्या असतात. मार्च-एप्रिलात मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने, तेव्हा उन्हाळी परीक्षा. तेंदूच्या हंगामात घरची चार माणसे रानात गेली, तर वर्षाच्या खर्चाची तोंडमिळवणी होते. त्या वेळी मुलाने गावी जाऊ नये, असे सांगणे सोपे आहे. परंतु त्याचे शिक्षण ज्या पैशावर चालले आहे तो तेथूनच येतो. अशा मुलाला "वेळेचे नियोजन करा" एवढा उपदेश पुरत नाही. त्याचे नियोजन त्याच्या एकट्याच्या हाती नसते, ते साऱ्या कुटुंबाचे असते. म्हणूनच जेथे प्राध्यापक पालकांना परीक्षेच्या तारखा दोन महिने आधी कळवितात, तेथे घरचे लोक कामाची वाटणी बदलून देऊ शकतात. मुलींच्या बाबतीत तर याची दुप्पट गरज आहे. घरी गेलेल्या मुलीच्या हातात पुस्तकाआधी चूल येते, आणि कधी कधी पदवीआधी लग्नाची सुपारी येते. तिचा स्वाध्याय टिकावयाचा तर आईबापांची संमती हाच त्याचा पहिला धडा होय.

सहाध्यायी कसा असावा?

संगत हवी हे मान्य केले, तरी कोणतीही संगत चालेल असे नाही. एकत्र जमून भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहणारी मंडळीही संगतच देत असते. तेव्हा कोणती संगत अभ्यासाला उपकारक होते, याचा अधिक बारकाईने विचार केला पाहिजे. या बाबतीत अमेरिकेतील बर्कले येथील एक प्रसिद्ध उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटते.

१९७० नंतरच्या दशकात तेथील विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाचा एक तरुण गणितज्ञ शिकवीत होता. कलनशास्त्राच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत, आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम गुण मिळवीत. त्याने सहकाऱ्यांना कारण विचारले. उत्तरे आपल्या ओळखीचीच आली : त्यांच्यात तळमळ नाही, पाया कच्चा आहे, घरून प्रोत्साहन नाही, गरिबी आहे. ट्राइसमनने दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्या मागे फिरून पाहिले. सांगितलेले एकही कारण खरे ठरले नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते. सांगितलेले तास ते नेमाने भरीत. पण ते एकटे अभ्यास करीत. मित्र वेगळे आणि पुस्तक वेगळे, अशी त्यांनी आयुष्याची विभागणी केली होती. अडले तर आपल्यालाच येत नाही असे त्यांना वाटे, कारण दुसऱ्यालाही अडते हे त्यांना दिसतच नसे. चिनी विद्यार्थी आधी एकटे बसून गणिते सोडवीत आणि मग संध्याकाळी जेवणानंतर एकत्र जमून परस्परांची उत्तरे तपासीत, चुका दाखवीत, कोणता प्राध्यापक काय विचारतो तेही बोलत. पुढे ट्राइसमनने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सामुदायिक अभ्यासवर्ग काढले. त्यांत सोपी उजळणी न ठेवता मुद्दाम अवघड गणिते दिली. निकालात फार मोठा पालट झाला.

यात एक बारकावा आहे, तो सोडू नये. आधी एकट्याने कष्ट आणि मग एकत्र पडताळा, असा तो क्रम होता. एकाने सोडविले आणि चौघांनी उतरून घेतले, याला सहाध्ययन म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न, विद्यार्थ्यापुढे आदर्श कोणाचा ठेवावा? आपण सत्कार करतो तो पहिल्या आलेल्याचा. डेल शुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितात कच्च्या असलेल्या शाळकरी मुलांवर १९८५ आणि १९८७ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. शिक्षकाला गणित सोडविताना पाहण्यापेक्षा आपल्याच वयाच्या मुलाला सोडविताना पाहिल्याने मुलांचा आत्मविश्वास अधिक वाढला. दुसऱ्या प्रयोगात तर असे आढळले, की प्रथमपासून अचूक करणाऱ्या मुलापेक्षा आधी अडखळणारा आणि मग हळूहळू जमविणारा मुलगा पाहणे अधिक उपयोगी पडते. कारण उघड आहे. पहिल्याला पाहून "तो हुशारच आहे" असे म्हणून सुटता येते. दुसऱ्याला पाहून "त्याला जमले तर मला का नाही?" असा प्रश्न मनात उभा राहतो. "मला हे जमेल" या विश्वासाचा मोठा अभ्यास आल्बर्ट बांदुरा यांनी केला, आणि असा विश्वास आपल्यासारख्या माणसाचे यश पाहून वाढतो, हे त्यांनी दाखविले. धानोऱ्याच्या विद्यार्थ्यापुढे दिल्लीचा पाहुणा आणून उभा करण्यापेक्षा, एकदा नापास होऊन पुढे पदवीधर झालेला धानोऱ्याचाच तरुण उभा करावा, हे यावरून निघते.

विचारण्याची लाज

अभ्यासात अडले म्हणजे विचारावे, हे म्हणावयास सोपे आहे. पण विचारण्यास भाषा लागते, आणि तेथेच आपल्याकडे घोडे अडते. या दोन जिल्ह्यांत गोंडी आहे, माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेरा भागात निर्वासित म्हणून येऊन वसलेल्यांची बंगाली आहे. मराठी बोलणाऱ्यांचीही बोली झाडीची. वर्गात उठून "सर, हे समजला नाही गा" म्हणणारा मुलगा एकदा हसला गेला, की त्या सत्रात पुन्हा उठत नाही. मागच्या बाकावर तो गप्प बसतो आणि आपण म्हणतो, याला गोडी नाही. तो गप्प असतो तो न समजल्यामुळे नव्हे. न समजलेले बोलून दाखविण्याची किंमत त्याला फार पडते, म्हणून. याच झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटके चालतात आणि याच बोलीवर हजारो माणसे खूष होऊन जातात. बोलीत दोष नाही, हसण्यात आहे.

मदत मागण्याचेही दोन प्रकार आहेत. "उत्तर काय ते सांग" हा एक आणि "माझी वाट कोठे चुकली ते दाखव" हा दुसरा. पहिल्याने परावलंबन वाढते, दुसऱ्याने स्वयंशासन. बाजारातील प्रश्नोत्तरांची पुस्तके पहिल्या प्रकारची मदत मुबलक देतात. दुसऱ्या प्रकारची मदत जिवंत माणूसच देऊ शकतो. म्हणून शिक्षकाने प्रश्नाचे उत्तर देण्याआधी "तू कोठवर आला होतास?" एवढे विचारले तरी पुष्कळ काम होते. आणि तो प्रश्न विद्यार्थ्याच्या बोलीत विचारला तर अधिकच.

मेंढ्याचा धडा

सामुदायिक अभ्यास ही परदेशातून आणावयाची वस्तू आहे, असे मात्र कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड गाव आहे. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविणारे गाव म्हणून त्याचे नाव देशभर झाले. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही त्याच्या ग्रामसभेच्या हाती आला. वर्तमानपत्रांनी हक्काची बातमी दिली. आम्हांस त्या हक्कामागील अभ्यासाची रीत अधिक महत्त्वाची वाटते.

देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र यांनी तेथे दोन गोष्टी जाणून-बुजून वेगळ्या ठेवल्या. ग्रामसभेत निर्णय घ्यावयाचा आणि तो सर्वसहमतीने घ्यावयाचा. अभ्यास गटात निर्णय मुळीच घ्यावयाचा नाही, फक्त समजून घ्यावयाचे. कायदा काय म्हणतो, बांबू किती आहे, मध कसा काढला म्हणजे माशा मरत नाहीत, अशा प्रश्नांवर तेथे बोलणे होई. बाहेरचा जाणकार येई, पण त्याचा शब्द शेवटचा नसे. निर्णयाचा ताण नसल्यामुळे कोणालाही "मला हे समजले नाही" असे म्हणता येई. ज्यांनी कधी महाविद्यालय पाहिले नाही, अशा माणसांनी या रीतीने वनहक्काच्या कायद्याचा अभ्यास केला आणि त्याचा उपयोग करून दाखविला.

झिमरमनच्या तीन टप्प्यांपैकी कोणता टप्पा येथे नाही? काय शिकावयाचे ते गावाने ठरविले, शिकताना नोंद ठेवली, फसले तेथे पुन्हा बसून विचार केला. फरक इतकाच, की हे सारे अनेकांनी मिळून केले. गोंडांच्या गावातील गोटुल ही अशा बसण्याची जुनी जागा आहे. तेथे सभा भरते, पाहुणा उतरतो आणि तरुण पोरे मोठ्यांचे बोलणे ऐकत ऐकत जाणती होतात. अशा गावातून आलेल्या मुलाला आपण महाविद्यालयात आणून एकट्याला खोलीत बसवितो, आणि त्याची शिकण्याची सर्वांत मजबूत सवय पहिल्याच दिवशी मोडून टाकतो. गोंडवाना विद्यापीठाने "विद्यापीठ आपल्या गावात" या उपक्रमातून पदवीचे शिक्षण गावापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचे आम्ही स्वागत करतो. त्याच्या जोडीला गावची अभ्यासाची रीत महाविद्यालयात आणण्याचा प्रयत्नही व्हावयास हवा.

नगराचे कर्तव्य

येथवर जे सांगितले त्यावरून स्वयंशासन हा जन्मजात गुण नसून संगतीतून अंगी बाणणारी सवय आहे, हे ध्यानात आले असेल. तसे असेल, तर नापास झालेल्या मुलाबरोबर थोडे आपणही नापास झालो, असे मानले पाहिजे. आणि मग आपण काय करू शकतो, हा प्रश्न उरतो.

प्रत्येक महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या पाच-सहा विद्यार्थ्यांमागे वरच्या वर्गातील एक सांगाती नेमता येईल. तो शक्यतो त्यांच्याच तालुक्यातला आणि त्यांची बोली समजणारा असावा. त्याने उत्तरे देऊ नयेत. आठवड्यातून दोन वेळा एकत्र बसावे, या आठवड्यात काय ठरविले होते आणि काय झाले एवढे प्रत्येकाला विचारावे, आणि आपली नापासाची हकीकतही न लाजता सांगावी. प्रारंभी त्याने घंटेची जागा घ्यावी. पुढे हळूहळू मागे सरावे आणि दुसऱ्या सत्राअखेर आपली गरज उरू नये, हेच आपले यश मानावे. यास इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. जेवणानंतरचा एक तास आणि एक सतरंजी पुरते.

नगरातील ग्रंथालयांनी अभ्यासिका चालविल्या आहेत, आणि स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांनी त्या गजबजलेल्या असतात. तेथे मौनाची शिस्त असते ती असावीच. पण एक खोली अशीही असावी, जेथे दबक्या आवाजात परस्परांना समजावून देता येईल. बाहेरगावच्या मुलांना शेवटची एस. टी. गाठावयाची असते. म्हणून ही खोली दुपारी उघडी हवी, रात्री आठनंतर उघडून त्यांना उपयोग नाही. ज्यांच्याकडे विद्यार्थी भाड्याने राहतात, त्यांनी भाडे मागताना "झाला का गा अभ्यास?" एवढे विचारले, तरी परक्या गावात कोणी आपल्याकडे पाहत आहे असे त्या मुलाला वाटेल. निवृत्त शिक्षक आपल्या नगरात पुष्कळ आहेत. त्यांनी शिकवण्या कराव्यात असे आम्ही म्हणत नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ त्यांनी चार मुलांबरोबर आपले स्वतःचे वाचन करीत बसावे. वाचणारे माणूस दिसणे, ही गोष्टच त्या मुलांच्या आयुष्यात नवी आहे.

१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा प्रौढांनी पदवी घेतल्यावरही एकत्र जमून शिकत राहावे, हाच तिच्यामागे विचार होता. तिच्या धर्तीवर गावोगाव ज्या माला चालतात, त्यांतील आपलीही एक. उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण सर्व घरी बसून पुस्तक वाचू शकलो असतो, तरी येथे आलो, कारण दहाजणांत बसून ऐकले की विचाराला चालना मिळते, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. जी सोय आपण स्वतःसाठी करून घेतली आहे, तीच रानातून आलेल्या या मुलांसाठी करून देणे, एवढेच आमचे मागणे आहे. येत्या जूनमध्ये महाविद्यालये उघडतील तेव्हा या सभागृहातील पाच मंडळींनी जरी आपापल्या आळीतील एकेका अभ्यासमंडळाला जागा करून दिली, तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.